डाव्या चेंबरवरचा नंबर

आवाज पहिल्यांदा आला फेब्रुवारीत, सुप्याहून नगरकडे येताना. काटा पंचावन्नच्या पुढे गेला की डाव्या बाजूने घरघर सुरू व्हायची, आणि पासष्टनंतर ती इंजिनाच्या आवाजात बुडून जायची. कानाच्या आधी ती तळपायाला कळत होती. घरी आल्यावर गाडीच्या वहीत नोंद केली: ‘५५ ते ६५, घरघर, डावीकडून. दाखवणे.’

ही वही गाडी घेतली त्या दिवसापासूनची आहे. पस्तीस वर्षं बातमीदारी केलेला माणूस घरातल्या गॅसच्या टाकीचीही तारीख लिहून ठेवतो. गाडी साडेतीनशे सीसीची, एका सिलिंडरची, जुन्या पद्धतीच्या लोखंडी इंजिनाच्या शेवटच्या काही गाड्यांपैकी एक. मीटर पाच आकडी आहे आणि तो एकदा शून्यावर येऊन गेला आहे. त्यामुळे तो सत्तेचाळीस हजार किलोमीटर दाखवत असला, तरी खरा आकडा एक लाख सत्तेचाळीस हजार. यातला मोठा भाग जिल्ह्यातलाच: अकोल्यापासून जामखेडपर्यंत, दुष्काळाच्या, निवडणुकांच्या आणि अपघातांच्या बातम्यांमागे. उरलेला सुट्ट्यांमधला, मागे लोखंडी कॅरियर लावून, पत्नीसह. गोकर्ण, हंपी, एकदा भूज. निवृत्तीनंतरही एका दैनिकाच्या साप्ताहिक पुरवणीला गावांवरचा मजकूर देतो, आणि त्यासाठी फिरावं लागतं.

त्या वर्षी मेअखेरीस गाडीच्या नोंदणीला पंधरा वर्षं पूर्ण होणार होती. पुनर्नोंदणीसाठी गाडी परिवहन कार्यालयात तपासणीला न्यावी लागते. कागदावरचे इंजिनाचे आणि चॅसीचे नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरांशी जुळले, तर आणखी पाच वर्षं मिळतात. जुळले नाहीत तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि मग तिला भंगारवाल्याशिवाय गिऱ्हाईक उरत नाही. तपासणीला घरघर चालते की नाही, याची मला कल्पना नव्हती. पण आवाज काढूनच गाडी न्यायची, असं ठरवलं. हातात तीन महिने होते. पुरेसे वाटले.

पत्नीचं मत वेगळं होतं. “नवी घ्या एखादी हलकी. या वयात ही ढकलताना तुमचा श्वास लागतो.”

मी म्हणालो, नव्या गाडीचे आवाज शिकण्यात आणखी दहा वर्षं जातील.

“मग या गाडीचा शिकलात ना? सांगा, कसला आहे?”

मी वही उचलली आणि मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्रींचं गॅरेज झेंडीगेटकडच्या एका गल्लीत आहे. आधी त्यांचे वडील बसायचे, आता ते. पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. त्यांची कामाची एक पद्धत आहे: इंजिन शेवटी खोलायचं. बाहेरचं जे जे झिजू शकतं ते सगळं आधी बघायचं, आणि ते निर्दोष ठरलं तरच आत हात घालायचा. पद्धत बरोबर आहे. बातमीतही आम्ही तेच करायचो. पण या वेळी तिने दोन महिने खाल्ले.

पहिल्यांदा चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट. दात झिजून वाकडे झालेले होतेच. मिस्त्रींनी जुनं स्प्रॉकेट माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “बघा, करवत झालीय. हाच आवाज असणार.” चार दिवसांनी गाडी मिळाली. केडगावच्या पुढे मोकळा रस्ता आल्यावर काटा पंचावन्नवर नेला. वहीत लिहिलं: ‘आवाज कायम.’

मग मागच्या चाकाचे रबर आणि बेरिंग. रबर चुरा झालेले. बेरिंग हाताने फिरवलं तर वाळू घातल्यासारखं लागत होतं. तेही बदललं. ‘आवाज कायम.’

मग मागच्या फोर्कचे बुश. ते इतके झिजले होते की चाक आडवं हलत होतं, आणि मी कित्येक महिने तशीच गाडी चालवत होतो. हे कळल्यावर जरा लाज वाटली. बुश बदलल्यावर गाडी वळणावर सरळ चालू लागली, हा फायदा झाला. ‘आवाज कायम.’

तिसऱ्या वेळी मी गॅरेजात जरा जास्त बोललो. प्रत्येक वेळी हाच आवाज असणार असं तुम्ही सांगता आणि प्रत्येक वेळी तो नसतो, असं काहीसं. मिस्त्री चहा पीत होते. कप खाली ठेवून म्हणाले, “साहेब, जे जे बदललं ते झिजलेलं होतं की नव्हतं?”

“होतं.”

“मग मी खोटं बोललो का? गाडी दीड लाख चाललीय. तिच्यात एकच चोर असेल असं तुम्ही धरून चाललात. इथं अख्खी टोळी आहे.”

शेजारच्या पंक्चरवाल्याला हे फार आवडलं. तो दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता.

एप्रिलमध्ये इंजिन उतरवलं. त्या काळात मी एसटीने फिरत होतो. पारनेर तालुक्यातल्या एका गावात पाण्याच्या टाकीवरून ग्रामसभा होती. सकाळच्या गाडीने निघून पोहोचलो तेव्हा सभा संपली होती, सह्या चालू होत्या. सरपंचबाईंनी विचारलं, “तुमची ती फटफटी कुठं हाय?” मी सांगितलं, दवाखान्यात. त्या म्हणाल्या, “आमची टाकी पन तिथंच हाय म्हना की.” मजकुरात हे वाक्य वापरलं. बाकी सभेबद्दल मला दुसऱ्यांकडून ऐकून लिहावं लागलं, जे मी एरवी करत नाही.

इंजिन उघडल्याचा फोन आल्यावर गॅरेजात गेलो. इंजिनाचा जो खालचा अॅल्युमिनियमचा डबा असतो, ज्यात क्रँक फिरतो, त्याला गॅरेजात चेंबर म्हणतात. डावा आणि उजवा असे त्याचे दोन भाग. मिस्त्रींनी डावा भाग फळीवर उताणा ठेवला होता. मधल्या गोल खोबणीत क्रँकचं बेरिंग बसलेलं होतं.

“बोट लावा,” ते म्हणाले.

बेरिंगच्या बाहेरच्या कड्याला बोट लावलं. ते कडं खोबणीत घट्ट आवळलेलं हवं. ते बोटाने फिरलं.

“हा तुमचा आवाज. बेरिंग चांगलं आहे. त्याचं घर झिजलंय. अख्खं बेरिंगच आत गरगर फिरतंय.” मग त्यांनी बेरिंग काढून बॅटरीचा उजेड खोबणीत टाकला. आत कडेने बारीक बारीक ठिपके होते, एका रांगेत, कुणीतरी मोजून मारल्यासारखे. बरेचसे घासून सपाट झालेले. “आणि हे बघा. इथं आधी कुणीतरी पंच मारलेत.”

ते कुणी मारले हे मला माहीत होतं. सात वर्षांपूर्वी श्रीरामपूरला मतमोजणीच्या आदल्या दिवशी याच जागेवरून तेल गळायला लागलं होतं. तिथल्या मेकॅनिकने तेव्हाच सांगितलं होतं की बेरिंगचं घर सैल झालंय, चार दिवस द्या, नीट करून देतो. मी म्हणालो होतो, चार तास आहेत, काय होईल ते करा. त्याने टोकदार पंच आणि हातोडी घेऊन खोबणीच्या कडेने ठिपके उठवले, म्हणजे धातू जरा वर येतो आणि बेरिंगला पकड मिळते. आपल्याकडे हे सगळीकडे करतात, पुढच्या गावापर्यंत जायचं असेल तर चालतंही. मी त्यावर सात वर्षं चालवली. वहीत त्या दिवशीची नोंद आहे: ‘बेरिंग सैल, पंच मारले. सवडीने बघणे.’

मिस्त्रींना हे सांगितलं. ते नुसते हसले.

पुढे तीन वाटा होत्या. पुन्हा पंच मारायचे. मिस्त्री म्हणाले, मारायला आता धातूच उरला नाही. दुसरी वाट, पुण्याच्या जुन्या बाजारातून दुसरा डावा चेंबर आणायचा. ती सोपी होती, पण इंजिनाचा नंबर डाव्या चेंबरवरच कोरलेला असतो. दुसरा चेंबर म्हणजे दुसऱ्याचा नंबर, आणि मेअखेरीला तपासणी. तिसरी वाट, हाच चेंबर लेथवर नेऊन खोबण मोठी करायची, तिच्यात लोखंडी स्लीव्ह, म्हणजे एक कडं, दाबून बसवायची आणि ती आतून बेरिंगच्या मापाला कापायची. वेळखाऊ, पण चेंबर तोच राहतो आणि नंबरही तोच.

“हे काम करणारा नगरमध्ये एकच माणूस आहे,” मिस्त्री म्हणाले. “मामा. एमआयडीसीत. पण मामांना घाई केलेली चालत नाही.”

मामा मूळचे पारनेर तालुक्यातले. वय सत्तरीकडे झुकलेलं, डोक्याला टोपी, चष्म्याची काडी तारेने बांधलेली. पत्र्याच्या शेडमध्ये दोन लेथ, धातू घासून चकाकवायचं एक बफिंगचं चाक आणि भिंतीला टेकवलेली त्या दिवशीची वर्तमानपत्रं, दोन वेगवेगळी. चेंबर हातात घेऊन त्यांनी तो पाच मिनिटं फिरवून पाहिला. मग म्हणाले, “पंच कुनी मारले?”

“माझ्या सांगण्यावरून मारले.”

“बरं झालं सांगितलं. न्हाईतर मी मारनाराला शिव्या देत बसलो आस्तो.”

काम होईल म्हणाले. पण लगेच नाही. साखर कारखान्यांचे हंगाम संपले होते आणि सगळ्यांचे पंपाचे शाफ्ट दुरुस्तीला आले होते. शेडच्या दारात ते पोत्यावर ओळीने पडलेले होते, माणसाएवढे लांब. “तुमचा हा डबा त्यांच्या मागं. कारखान्याला मी न्हाई म्हनू शकत न्हाई, तुमाला म्हनू शकतो.”

मी चेंबरला एक कार्ड बांधलं. त्यावर सगळं लिहिलं: बेरिंगचा बाहेरचा व्यास, खोबणीचं आत्ताचं माप, किती घट्ट बसायला हवं ते शतांश मिलिमीटरमध्ये, खोली, तेलाचं भोक कुठे यायला हवं त्याची छोटी आकृती. तारीख आणि फोन नंबर. मामांनी कार्ड वाचलं आणि म्हणाले, “आक्षर झ्याक हाय.” मिस्त्री म्हणाले, “मामा, गाडी पासिंगला जायचीय, जरा नीट बघा.” मामा म्हणाले, बघतो.

कार्डावर नऊ गोष्टी होत्या. नंतर मोजल्या. इंजिनाच्या नंबरचा उल्लेख त्यांत नव्हता.

शाफ्ट तीन आठवडे चालले. दर दोन दिवसांनी फोन करायचो. एकदा वीज गेली होती. एकदा मामांच्या गावाला जत्रा होती. एकदा माप घेण्याचं साधन दुसऱ्या शेडमधून परत आलं नव्हतं. शेवटी मी फोन करणं थांबवलं आणि रोज संध्याकाळी शेडवर जाऊन नुसता उभा राहू लागलो. बातमीदारीतला हा जुना उपाय आहे. चौथ्या दिवशी मामा म्हणाले, “सायेब, तुमी असं उभं ऱ्हायलं की मला परीक्षेला बसल्यावानी वाटतं. मंगळवारी या.”

मंगळवारी मिस्त्री आणि मी बरोबर गेलो. मेचा तिसरा आठवडा चालू होता. मामांनी फडक्यात गुंडाळलेला चेंबर बाकड्यावर ठेवून फडकं सोडलं. स्लीव्ह इतकी अचूक बसली होती की तिची आणि अॅल्युमिनियमची सीमा नख लावून शोधावी लागत होती. मिस्त्रींनी नवं बेरिंग खोबणीच्या तोंडावर ठेवलं. ते आत गेलं नाही, आणि तसंच हवं होतं. पंधरा वर्षांचा काळसरपणा गेला होता. चेंबर स्टीलच्या ताटासारखा चकाकत होता.

“पासिंगला जायचीय म्हनलं ना मिस्त्रीनी,” मामा म्हणाले. “म्हनून बफ मारून दिला. त्याचे काय घेनार न्हाई.”

मिस्त्रींनी चेंबर उलटा केला. वरच्या बाजूला, जिथे सिलिंडर बसतो त्याच्या खाली, एक सपाट पट्टी असते. तिच्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला. मग चेंबर माझ्यापुढे केला.

पट्टी गुळगुळीत होती. उजेडाकडे तिरकी धरली तर पुसट रेघा दिसत होत्या. कुठे अर्धं वर्तुळ, कुठे एक उभी रेघ.

तो चेंबर बदलायचा नाही म्हणून स्लीव्ह बसवली होती, आणि बदलायचा नव्हता तो फक्त या पट्टीसाठी. मिस्त्रींनी हे मामांना सांगितलं. मामांनी चष्मा कपाळावर नेला, पट्टी डोळ्यांजवळ आणली आणि बराच वेळ तशीच धरली. “ह्या आकड्याचं मला कुनी बोललं न्हाई,” ते म्हणाले. “कार्डावर न्हाई.”

त्यावर मी म्हणालो, “मामा, तुम्हाला वाचता येतं ना? आकडे कोरलेले दिसतात तिथे माणूस चाक लावतो का?”

हे मी आवाज न चढवता बोललो. तसं बोलायची सवय आहे. अधिकाऱ्यांना प्रश्न विचारताना तिचा उपयोग होतो. मामांनी चेंबर बाकड्यावर ठेवला, फडकं घडी करून त्याच्या शेजारी ठेवलं आणि लेथकडे जाऊन यंत्र चालू केलं. आम्ही निघेपर्यंत ते वळले नाहीत.

रस्त्यात मिस्त्री म्हणाले, “साहेब, ते रोज दोन पेपर वाचतात.”

“दिसले.”

“एकात तुमचा मजकूर येतो.”

गॅरेजात आल्यावर मिस्त्रींनी पट्टीवर रॉकेल टाकून दात घासायच्या ब्रशने ती घासली. बफिंगचा साबण आकड्यांच्या खाचांत भरून बसला होता, तो थोडा निघाला. मग वर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली. तपासणीला असाच छाप द्यावा लागतो. शेवटच्या सहा आकड्यांपैकी तीन उमटले. एक आकडा ३ होता की ८, सांगता येईना. दोन जागी नुसता राखाडी डाग आला. आम्ही अकरा कागद वापरले. अकराव्यावरही तीनच.

इंजिन जोडणं तरी थांबवायचं कारण नव्हतं. मिस्त्रींचं घर गॅरेजच्या वरच आहे. बेरिंग त्यांनी त्या रात्री घरच्या फ्रीजरमध्ये मटणाच्या डब्याशेजारी ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी चेंबर शेगडीवर तापवला, वरून बेरिंग आणलं आणि सोडलं. तापलेला धातू फुगतो, गार आकसतो. बेरिंग हातोडीशिवाय आत गेलं आणि अर्ध्या मिनिटात घट्ट झालं. पुढचे पाच दिवस बाकीची जोडणी चालली.

गाडी सुरू झाल्यावर केडगावच्या पुढे घेऊन गेलो. पन्नास. पंचावन्न. साठ. पासष्ट. पायाला काहीच कळलं नाही. इतका शांत तो रस्ता मी त्या गाडीवरून कधी ऐकला नव्हता. मागच्या गाड्यांचे हॉर्न, शेतातला एक पंप, सगळं ऐकू येत होतं. वहीत लिहिलं: ‘आवाज नाही.’ महिना संपायला चार दिवस होते.

परिवहन कार्यालयात तपासणी करणारे निरीक्षक तरुण होते आणि नीट काम करत होते. दिवे, ब्रेक, आरसे, धूर. सगळं ठीक. चॅसीचा नंबर जुळला. इंजिनाच्या पट्टीवर त्यांनी आधी बोट फिरवलं, मग मोबाईलचा उजेड टाकला, मग माझ्याकडे पाहिलं.

“हे घासलेलं आहे.”

मी घडलं ते क्रमाने सांगितलं.

“असेल. पण चोरीच्या गाडीचाही नंबर असाच घासलेला असतो. मी कसं ठरवू?”

प्रश्न योग्य होता. त्यांच्या जागी मीही तोच विचारला असता. त्यांनी मार्ग सांगितला. नंबर पुन्हा कोरायची परवानगी मागायची. अर्ज, गाडी चोरीची नसल्याचा पोलिसांचा दाखला, मूळ कागद, आणि नंबर कशाने गेला याबद्दल ज्याच्या हातून गेला त्याचा सहीचा जबाब. तो जबाब नसेल तर अर्ज पुढे जाणं कठीण. तोवर गाडी रस्त्यावर आणायची नाही. हे तीन ओळींत लिहून त्यांनी कागद माझ्या हातात दिला. कागदावर जिल्ह्याचं नाव नवं होतं, माझ्या नोंदणीवर जुनं. त्याने अडत नाही, असंही त्यांनी न विचारता सांगितलं.

मिस्त्री म्हणाले, “साहेब, एक फोन करा वर. इतकी वर्षं काढलीत पेपरात.”

अशा फोनांविरुद्ध मी बरंच लिहिलं आहे, हे एक कारण होतं. दुसरं असं की मला ओळखणारे वरचे सगळे निवृत्त झाले होते. फोन केला नाही. गाडी टेम्पोत घालून घरी आणली आणि जिन्याखाली लावली. अजिबात आवाज न करणारी, आणि चालवता न येणारी.

मामांकडे जाणं मी आठ दिवस टाळलं. मग मिस्त्रींना पाठवलं. ते रिकामे परत आले. “पोलिसात कागद जाणार म्हटल्यावर घाबरले. म्हणतात, चूक झाली, पैसे भरून देतो, पण पोलिसात माझं नाव नको. चाळीस वर्षांत ठाण्याची पायरी चढलो नाही.” पुढे सांगितलं, “आणि म्हणाले, साहेबांना सांगा, मला वाचता येत नाही, मी काय लिहिणार.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडवर गेलो. मामा लेथवर होते. यंत्र थांबेपर्यंत उभा राहिलो. मग म्हणालो, “मामा, कार्डावर नऊ गोष्टी लिहिल्या. दहावी लिहायची राहिली. ती चूक माझी. त्या दिवशी जे बोललो तेही चुकलं.”

मामा हात पुसत होते. “आर्ध्या गोष्टी तर मला न सांगता बी कळत हुत्या,” ते म्हणाले. “तेलाचं भोक कुठं येतं ते काय कार्डावर लिव्हायचं आस्तं व्हय?”

“नाही.”

“आन् जे लिव्हायचं तेच न्हाई लिव्हलं.”

“हो.”

“पेपरात बी असंच करता का?”

कधी कधी होतं, म्हणालो. त्यावर त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. चहा आला. जबाबाचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. गाडी कुठे आहे विचारलं. जिन्याखाली, म्हणालो. “चालू हुती का?” होते. “आवाज?” नाही. त्यांनी मान हलवली.

दोन दिवसांनी संध्याकाळी ते घरी आले. एसटी स्टँडपासून चालत आले असावेत, शर्ट घामाने भिजला होता. पत्नीने पाणी दिलं. पाणी पिऊन ते म्हणाले, “आधी चालू करा.”

गाडी जिन्याखालून बाहेर काढून स्टँडवर लावली आणि किक मारली. मामांनी खाली वाकून डाव्या चेंबरवर तळहात ठेवला. इंजिन तापेपर्यंत ठेवला. “वाढवा.” वाढवलं. “कमी.” कमी केलं. मग हात काढला आणि खिशातून चार घड्यांचा कागद काढून मला दिला.

रेघा मारलेल्या वहीचं पान होतं. बॉलपेनने, सरळ अक्षरात लिहिलं होतं: ‘मी लेथचे काम करतो. या गाडीच्या इंजिनाच्या डाव्या चेंबरला मी स्लीव्ह बसवली. काम झाल्यावर चेंबर चांगला दिसावा म्हणून बफ केला. त्यात नंबर पुसट झाला. तसे कोणी करायला सांगितले नव्हते. करू नये असेही कोणी सांगितले नव्हते. मी मुद्दाम केलेले नाही.’ खाली नाव, पत्ता, सही.

हातात आलेला मजकूर पेनाशिवाय वाचायची मला सवय नाही. दोनदा वाचला. काढण्यासारखा शब्द सापडला नाही.

“ठाण्यात यावं लागेल का?” त्यांनी विचारलं.

“एकदा. मी बरोबर असेन.”

“कारखान्याचं काम सरलंय आता. येतो.”

ठाण्यात आम्हाला तीनदा जावं लागलं. पहिल्यांदा ज्यांनी दाखला द्यायचा ते बंदोबस्ताला गेले होते. दुसऱ्यांदा मूळ कागदाची प्रत चालेना, मूळच हवा होता आणि तो घरी होता. तिसऱ्यांदा काम झालं. मामा तिन्ही वेळा टोपी हातात धरून बाकावर बसले. तिसऱ्या वेळी तिथल्या हवालदाराने त्यांना विचारलं की मोटरच्या पंपाचा शाफ्ट वाकला तर सरळ होतो का. त्यानंतर मामांची भीती गेली. परवानगीला पुढे आणखी सहा आठवडे लागले. मजकूर मी त्या काळात बसने फिरून मिळवला. तीन गावांना पोहोचलोच नाही.

ऑगस्टमध्ये परवानगी आली. गाडी पुन्हा टेम्पोत घालून नेली. कार्यालयाच्या आवारात, निरीक्षकांसमोर, ज्याला हे काम करायचा अधिकार आहे त्या माणसाने पोलादी ठसे आणि हातोडी काढली आणि जुन्या पट्टीच्या खाली नंबर पुन्हा मारला. एकेक ठसा, एकेक घाव. निरीक्षकांनी कागदाशी ताडून पाहिला, पेन्सिलचा छाप घेतला, सही केली. उशिराचा दंड भरला. पाच वर्षं मिळाली.

परत येताना जवळपास तीन महिन्यांनी गाडी रस्त्यावर चालवली. मिस्त्रींच्या दारात थांबलो. मामा तिथे आधीच येऊन बसले होते. त्यांनी चष्मा खाली ओढला, चेंबरजवळ उकिडवे बसले आणि नवा नंबर अंगठ्याने वाचला. सहा आकड्यांत दोन वर गेले होते, एक खाली, आणि शेवटचा सात मागे कललेला होता.

“हे कुनी मारलं?”

“सरकारी माणसाने.”

मामांनी पुन्हा एकदा अंगठा फिरवला.

“एक पट्टी लावायची आन् मारायचे,” ते म्हणाले. “इतकं बी हुईना?” मग मिस्त्रींकडे बघून म्हणाले, “ह्यांना म्हनावं, बफ मारून देतो, परत घ्या परवानगी. या टायमाला कार्डावर लिव्हा म्हनावं, आकडे सरळ पायजेत.”